जलदुर्ग एकच पाहायचा असेल तर

रत्नागिरीत घर असलेल्या माणसाला दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात : चार दिवसांची सवड आहे, घरची मंडळी बरोबर आहेत, समुद्रातला किल्ला एकच पाहायचा आहे, तर तो कोणता? पूर्वी मी फारसा विचार न करता ‘सिंधुदुर्ग’ असे सांगून मोकळा होत असे, कारण तेच उत्तर सर्वांना अपेक्षित असते आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. गेल्या काही वर्षांत माझे उत्तर बदलले आहे. ते का बदलले, हे दर वेळी ओटीवर बसून पुन्हा पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा खटाटोप. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. घरच्या लहानथोरांना घेऊन हे किल्ले पाहून आलेला, आणि त्यांतल्या तिघांवर एकाहून अधिक वेळा गेलेला एक कोकणी माणूस, एवढाच माझा अधिकार आहे.

ज्यांच्यात निवड करायची ते किल्ले पाच : मुरूडचा जंजिरा, अलिबागचा कुलाबा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. खांदेरी, पद्मदुर्ग, जयगड, कोर्लई यांचे चाहते माझ्यावर रागावतील हे मला ठाऊक आहे, परंतु खांदेरी आणि पद्मदुर्गाला जाण्यासाठी होडीची जमवाजमव आपली आपणच करावी लागते, आणि चार दिवसांच्या पाहुण्याला ती सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. उरलेल्या पाचही किल्ल्यांना राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे, त्यामुळे दर्जा पाहून निवड करावी म्हटले तर ती होत नाही.

जुलै २०२५ पासून लोक आणखी एक कसोटी लावू लागले आहेत. त्या महिन्यात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि त्यात कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे पाच किल्ले आहेत. तेव्हापासून ‘जंजिरा यादीत नाही, म्हणजे तो दुय्यम का?’ असे मला दोघा-तिघांनी तरी विचारले. ती यादी मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याची आहे. जंजिरा सिद्दीचा, तो शेवटपर्यंत मराठ्यांच्या हाती लागलाच नाही, मग तो त्या यादीत येणार कसा? तेव्हा यादीवरून जंजिऱ्याचे गुण कापू नयेत, आणि उरलेल्यांना केवळ यादीपायी गुण वाढवूनही देऊ नयेत.

मला विचाराल तर खरी कसोटी वेगळीच आहे, आणि ती कोणत्याही माहितीफलकावर लिहिलेली नसते. होडीवाल्याचे घड्याळ, हीच ती कसोटी.

पाचांपैकी चार किल्ले पाण्याने वेढलेले आहेत. तिथे जाताना होडी लागते किंवा ओहोटीची वाट पाहावी लागते, आणि एकदा का किल्ल्यात पाऊल टाकले की तुमचा वेळ तुमचा राहत नाही. ज्या होडीने गेलात तिनेच परतायचे, आणि होडीने दिलेला वेळ साधारण तासाभराचा, गर्दीच्या दिवसांत त्याहूनही कमी. यात होडीवाल्यांचा दोष आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. धक्क्यावर पुढची माणसे रांगेत उभी असतात, पाणी उतरू लागले की होडी टेकण्याची भीती असते, आणि वर्षातले पावसाळ्याचे महिने ज्यांचा धंदा बंद असतो त्यांनी उरलेल्या दिवसांत फेऱ्या वाढवू नयेत तर काय करावे? तरीही किल्ला पाहणाऱ्याच्या बाजूने हे गाऱ्हाणे खरे आहे, आणि माझ्या बाबतीत निकाल याच गाऱ्हाण्याने लागला.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सिंधुदुर्ग पाहायला निघाले. शाळेत मास्तरकी करताना त्यांनी हा किल्ला पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला होता : कुरटे बेट, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झालेला पायाभरणीचा मुहूर्त, पायात ओतलेले शिसे, तीन वर्षांत उभी राहिलेली तटबंदी, हिरोजी इंदुलकर. प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र तोवर आला नव्हता. मुहूर्ताची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा त्यांनी आधी किनाऱ्यावर उभे राहून पाहिला, हात जोडले, आणि मग आम्ही होडीत बसलो. उतरताना खलाशाने सांगितले, ‘एक तास. पाणी सुकाक लागला तर होडी टेकात, मगे आमका बोलू नकात.’ त्याने हे आर्जवाने सांगितले होते, दटावून नव्हे.

हा किल्ला ४८ एकरांचा आहे. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात आहे, आणि ती नागमोडी असल्यामुळे चालताना पुढचा बुरूज जवळ आल्यासारखा वाटतो व प्रत्यक्षात येत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दारापासून शिवराजेश्वर मंदिरापर्यंत जाऊन यायलाच अर्धा तास लागतो. नाना मंदिरात पोहोचले. राजाराम महाराजांनी बांधवलेल्या त्या मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती आहे, तिला दाढी नाही, आणि हे मुलांना सांगताना आपल्याला नेहमी थोडी शंका यायची, असे ते मला सांगत असतानाच त्यांनी माझा हात धरून घड्याळ पाहिले. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी लागाव्यात, या गोष्टीचे त्यांना फार अप्रूप होते. त्यांना साखरबावीच्या काठावर जरा बसायचे होते. पुन्हा घड्याळ. परतताना दरवाजाजवळच्या घुमटीतला महाराजांच्या पायाचा ठसा त्यांनी पाहिला, आणि हाताचा ठसा पाहायचा राहिला, कारण खालून शिट्टी वाजली. होडीत बसल्यावर ते काही बोलले नाहीत. मालवणच्या धक्क्यावर उतरल्यावर एवढेच म्हणाले, ‘किल्ला पाहिला खरा, पण मनगटाकडे बघत पाहिला.’

यावरून सिंधुदुर्ग वाईट ठरत नाही. उलट, पाचांत मनाला सर्वांत भिडणारा किल्ला तोच आहे असे अजूनही मी म्हणेन. गोमुखी रचनेमुळे दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि होडी तटाला समांतर जाऊ लागली की बरोबरची माणसे दार शोधू लागतात व हमखास चुकतात. ही गंमत मी चार वेळा अनुभवली आहे आणि पाचव्यांदाही अनुभवीन. आत काही कुटुंबे आजही राहतात. तुळशीवृंदावन, वाळत घातलेली लुगडी, परसातले माड असे सगळे पाहिल्यावर हा किल्ला नुसता अवशेष वाटत नाही, गाव वाटतो. शिवाय भोवतालचा समुद्र हे १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, आणि ज्यांना पाण्याखालचे प्रवाळ व मासे पाहण्याची हौस आहे त्यांना एकाच मुक्कामात दोन्ही गोष्टी साधतात. जेवणाखाण्याच्या बाबतीत तर मालवणशी इतर चौघांची बरोबरीच होऊ शकत नाही. बरोबर तरुण मंडळी असतील, पाय चपळ असतील आणि सकाळची पहिली होडी गाठण्याची तयारी असेल, तर मालवणलाच जावे. पहिल्या फेरीला गर्दी कमी असते आणि खलाशीही थोडा सैल सोडतो, असा माझा अनुभव आहे.

जंजिऱ्याची गोष्ट निराळी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून त्या काळ्या तटाकडे जाणे हा पाचही किल्ल्यांतला सर्वांत देखणा प्रवेश आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिडात वारा भरतो, इंजिनाचा आवाज नसतो, आणि तट मोठा मोठा होत जातो. शेवटच्या क्षणी दार दिसते, आणि दारावरचे ते शिल्प दिसते, ज्यात एका हिंस्र पशूने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडून ठेवले आहेत. शत्रूला एवढ्या स्पष्ट भाषेत दिलेला इशारा मी दुसऱ्या कोणत्याही किल्ल्यावर पाहिलेला नाही. आत कलालबांगडी तोफ आहे, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, आणि पश्चिमेच्या बुरुजावर उभे राहिले की कांसा बेटावरचा पद्मदुर्ग समोर दिसतो. हा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या डोळ्यांसमोर बांधला, आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत वाट बांधण्याचा प्रयत्न केला, हे दोन्ही किल्ले एका नजरेत घेऊन समजावून सांगता येते. इतिहास शिकवायचा असेल तर जंजिऱ्याच्या त्या बुरुजाएवढी चांगली जागा नाही.

परंतु घड्याळ तिथेही आहेच, आणि मला तर ते अधिक कडक वाटले. आम्ही गेलो तेव्हा होडीत सुरू झालेले माहितीचे भाषण किल्ल्यातही संपेना, सगळ्यांना एका घोळक्यात पुढे नेले जात होते, आणि जी जागा मला बघायची होती तिथे घोळका थांबत नव्हता. चढउताराच्या वेळी लाटेबरोबर होडी खालीवर होते आणि पायरीवर पाऊल नेमके टाकावे लागते. आमच्या सौभाग्यवतींनी त्या क्षणी जो माझा दंड धरला त्याचे वळ दोन दिवस होते. लहान मूल कडेवर असेल किंवा बरोबर वयस्कर कोणी असेल तर हा विचार आधी करावा. मुरूडला जाणारच असाल तर एक दिवस जास्तीचा ठेवून फणसाड अभयारण्यही पाहावे. नबाबाच्या शिकारीचे हे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले. पहाटे गेलात आणि तोंडे बंद ठेवलीत तर शेकरू दिसण्याची चांगली शक्यता असते. आम्हाला तो दिसण्याआधी ऐकू आला, आणि मग बराच वेळ आम्ही माना वर करून उभे होतो.

कुलाब्याला होडीवाल्याच्या ऐवजी समुद्रच घड्याळ धरून बसलेला असतो. ओहोटीला चालत जाता येते, घोडागाडीही मिळते, भरतीला होडी असते, आणि त्यामुळे पाचांपैकी मुंबई-पुण्याच्या माणसाला सर्वांत सोयीचा किल्ला हाच. मात्र बहुतेक जण ओहोटीची वेळ न पाहता दुपारी पोहोचतात आणि मग किनाऱ्यावर शहाळी पीत बसतात. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सुकती, अर्थात पुरी ओहोटी, सकाळी नऊच्या आसपास. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. अष्टमीला हाच हिशेब केला तर सुकती भर दुपारी बाराला येते व फार सोयीची वाटते, पण ती भांगाची असते, पाणी पुरते ओसरत नाही, आणि मग गुडघाभर पाण्यातून चपला हातात धरून जावे लागते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी भरपूर हटते, पण पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा द्वितीया ते चतुर्थी या तिथी धराव्यात, आणि तरीही निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला विचारावे, कारण पाऊणपटीचा हिशेब हा शेवटी अंदाजच.

आत गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे तटाचे मोठमोठे दगड, जे चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले आहेत, म्हणजे लाटेचे पाणी फटींत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते परत जाते. मी भरती चढत असताना तटाशी कान लावून उभा राहिलो आहे. पाणी दगडांतून शोषल्यासारखे आवाज करत उतरते. दुसरी गोष्ट म्हणजे राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशपंचायतन. तिथे उभे राहिले की किल्ला विसरायला होतो. एवढे असूनही कुलाबा मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो, कारण तो अलिबागच्या सहलीचा एक भाग होऊन बसला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे शांतपणा म्हणून मिळत नाही. आडवारी गेलात तर माझा क्रम खुशाल बदलावा.

सुवर्णदुर्गाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो पाहुण्यांना सुचवावा असा किल्ला नाही, स्वतः पाहावा असा आहे. हर्णै बंदरातून मच्छीमाराची होडी ठरवावी लागते, समुद्र खवळलेला असेल तर तो सरळ नाही म्हणतो, आणि आत गेल्यावर झाडोरा इतका माजलेला असतो की वाट आपणच काढायची. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि तटावरचा मारुती, एवढे पाहून बहुतेक जण परततात. कान्होजी आंग्र्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात याच किल्ल्यावर झाली. कंपनी सरकारच्या विल्यम जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये तो जिंकला, आणि पुढे त्याच्या बायकोने त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये एक मनोरा बांधला, ज्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’. हर्णैच्या एका किल्ल्याचे नाव असे वाकडेतिकडे होऊन लंडनच्या टेकडीवर बसले आहे. एवढे असून हर्णैला गेलेली माणसे संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहून, सुरमई घेऊन घरी जातात, आणि मीही दोनदा तेच केले आहे.

आता विजयदुर्ग. याच्याकडे मी उशिरा वळलो, कारण तो वाटेवर नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेऱ्याहून आत पन्नासेक किलोमीटर जावे लागते, रस्ता वळणांचा, आणि जाऊन पुढे कुठेच जाता येत नाही. त्याच रस्त्याने परत यायचे. सहलीच्या आखणीत असली ठिकाणे पहिल्यांदा वगळली जातात. शेजारी देवगड आहे, हापूसच्या दिवसांत तिथवर माणसे येतात, आंब्याच्या पेट्या गाडीत टाकतात आणि विजयदुर्ग न पाहता परततात.

पण या किल्ल्याला होडी लागत नाही. एस.टी.तून उतरावे आणि चालत किल्ल्यात जावे. समुद्र तीन बाजूंना आहे, चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता तो बुजला, आणि आता गावच किल्ल्याच्या पायाशी येऊन टेकले आहे. शुद्ध जलदुर्गाचे चाहते याच कारणासाठी त्याला कमी लेखतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही : पाणी ओलांडून तटाशी जाण्याचा थरार इथे नाही. मला मात्र त्या थराराच्या बदल्यात जे मिळाले ते अधिक मोलाचे वाटले. सकाळी आठला आत गेलेलो आम्ही दुपारी जेवायला बाहेर आलो, चारला पुन्हा गेलो आणि उन्हे उतरेपर्यंत बसलो. कोणी शिट्टी वाजवली नाही. सूर्यास्ताला किल्ला बंद होतो तेवढेच काय ते बंधन.

वेळ असला म्हणजे काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. माझ्या भाचीचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तटातल्या एका जंगीपाशी, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेल्या भोकापाशी, तो पालथा पडला. ही जंगी आतून रुंद आणि बाहेरच्या बाजूला चिंचोळी असते व तिरकी खाली उतरते, हे मी त्याला सांगण्याआधी त्याने हात घालून पाहिले. वाघोटन खाडीतून एक ट्रॉलर बाहेर पडत होता. तो जंगीत दिसू लागल्यापासून नाहीसा होईपर्यंत पोराने आकडे मोजले आणि चौतीसवर थांबला. मग शेजारच्या जंगीशी जाऊन पुन्हा मोजू लागला, तेव्हा ट्रॉलर पहिल्या जंगीतून नाहीसा होण्याआधीच दुसरीत येतो हे त्याच्या ध्यानात आले. ‘म्हणजे यांना बोट कधी दिसतच नाही असं होतच नाही,’ असे त्याने जाहीर केले. या एका वाक्यासाठी आम्हाला पाऊण तास लागला होता, आणि होडीच्या तासात तो बसला नसता.

किल्ला मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला. घेरिया हे त्याचे जुने नाव. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये तो आदिलशहाकडून घेतला आणि तिहेरी तटबंदी केली. तिहेरी म्हणजे काय, ते इथे चालूनच कळते. बाहेरचा दरवाजा ओलांडला तरी आत आल्यासारखे वाटत नाही. डाव्या-उजव्या अंगाला तट चालतच राहतात, वाट वळत राहते, आणि जिबीच्या दरवाजापाशी येईपर्यंत वरून किती बाजूंनी आपल्यावर नजर ठेवता आली असती हे उमगू लागते. आत खलबतखाना, खुबलढा बुरूज, पाण्याचा मोठा तलाव हे सगळे आहेच. पश्चिमेकडे पाण्याखाली दगडी भिंत असल्याचे सांगतात, जिच्यावर आदळून शत्रूची गलबते फुटत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथल्या पाण्याखालच्या दगडी रचनेची पाहणीही केली आहे. तटावर उभे राहून ती दिसत नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण आमच्यातल्या दोघांना ती दिसली होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा वॉटसन समुद्रावरून आणि क्लाइव्ह जमिनीवरून चालून आला, आणि याच खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांना साथ दिली होती. मराठ्यांचे उभे आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळाले त्या पाण्याकडे पाहत बसणे सोपे नाही, आणि त्यासाठी देखील थोडा वेळ हाताशी असावा लागतो. खाडीच्या आतल्या बाजूला आंग्र्यांची गोदी आहे. गाडी असेल तर तिथेही जाऊन यावे.

किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध इथे लागला असे सांगतात, आणि १८ ऑगस्टला त्याचा उत्सवही होतो. त्या तारखेला १८६८ मध्ये खग्रास सूर्यग्रहण झाले हे खरे, पण ज्या लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचे नाव घेतले जाते तो त्या वेळी इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. माहिती देणाऱ्याला हे तिथल्या तिथे ऐकवू नये. त्याच्या अभिमानाला विनाकारण धक्का लागतो. ओट्यांवरून संध्याकाळ मात्र सुरेख दिसते.

उणिवाही सांगायला हव्यात. विजयदुर्गात राहण्याजेवण्याची सोय बेताची आहे. मालवणची सवय असलेल्या माणसाने आदल्या दिवशी खानावळीत सांगून ठेवले नाही तर दुपारी दोनला तो वरणभातावर येतो. आतल्या काही इमारती पडक्या आहेत, झाडांची मुळे तटात शिरली आहेत, पावसाळ्यात दगड शेवाळतात आणि घसरायला होते. तरीही पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की जून ते ऑगस्ट जेव्हा मालवण आणि राजपुरीच्या होड्या बंद असतात तेव्हा होडी-ओहोटीची वाट न पाहता जाता येण्याजोगा असा हाच एक किल्ला उरतो. श्रावणात मी तिथे एकदा गेलो आहे. तटावर उभे राहिलो की लाट खालच्या खडकावर फुटे आणि तिचे तुषार चष्म्यावर येत. चष्मा पुसायचा आणि पुढची लाट बघायची, एवढेच काम तासभर केले.

नानांना मी पुढच्या वर्षी विजयदुर्गाला नेले. चढ आहे, पण मधे मधे बसत बसत ते वर गेले. एका बुरुजाच्या सावलीत बसून त्यांनी डब्यातले घावणे खाल्ले, खाडीकडे पाहिले, समोरचा किनारा राजापूर तालुक्यातला ना, एवढे विचारले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. घड्याळ त्या दिवशी ते घरीच विसरले होते. मुद्दाम की चुकून ते मी विचारले नाही.

तेव्हा माझा क्रम असा : विजयदुर्ग, मग सिंधुदुर्ग, मग जंजिरा, मग कुलाबा, आणि सुवर्णदुर्ग क्रमाबाहेर. पहिल्या दोघांत अंतर फार थोडे आहे. मुले तरुण असतील आणि आयुष्यात एकदाच कोकणात येणे होणार असेल, तर सिंधुदुर्ग न पाहता परत जा असे सांगण्याची माझी छाती नाही. पुण्याहून दोन दिवसांसाठी निघणाऱ्याने दक्षिणेकडचे दोन्ही सोडून सरळ मुरूड गाठावे. पण बरोबर म्हातारे माणूस असेल, चौकस पोर असेल किंवा गर्दीत आपला जीव रमत नसेल, तर तळेऱ्याहून गाडी आत घालावी. दोन दिवस असतील तर रात्री मालवणला मुक्काम करून सकाळची पहिली होडी धरावी, सिंधुदुर्ग पाहून दुपारी निघावे, आणि संध्याकाळी विजयदुर्गात पोहोचून किल्ला दुसऱ्या दिवशी सावकाश पाहावा. उलट क्रमाने जाऊ नये. विजयदुर्गावर आधी मनसोक्त फिरलेल्या माणसाला मालवणची शिट्टी फार लागते.

किल्ल्यात प्यायचे पाणी आणि खाण्याचे जिन्नस मिळतील या भरवशावर राहू नये, दोन्ही गावातूनच बरोबर घ्यावे. आणि डोक्याला काहीतरी असावे, कारण तटावर सावली म्हणून नाही.